क्षेम मोजायचं कसं? वेल्सनं आपल्या लोकांना विचारलेला प्रश्न

दक्षिण वेल्समधलं ॲबरव्हॅन हे कोळशाच्या खाणीवर जगणारं गाव. २१ ऑक्टोबर १९६६ ची सकाळ होती आणि शाळा नुकतीच भरली होती. वर डोंगरावर रचलेला खाणीच्या मलब्याचा ढीग खचला, चिखल होऊन खाली आला आणि शाळेवर आणि आजूबाजूच्या घरांवर कोसळला. १४४ माणसं गेली. त्यांतली ११६ मुलं होती.

तो सात नंबरचा ढीग १९५८ पासून रचला जात होता आणि त्याच्याखाली झरा होता. धोका कुणालाच दिसला नव्हता असं नाही. स्थानिक नगरपालिकेच्या अभियंत्यानं १९६३ मध्येच पत्र लिहून शाळेच्या मागे टाकल्या जाणाऱ्या गाळाबद्दल इशारा दिला होता. पुढे दोन आयांनी शाळेत शिरणाऱ्या पाण्याची तक्रार करणारा अर्ज मुख्याध्यापिकेकडे दिला होता. चौकशी झाली तेव्हा दोष खाणी चालवणाऱ्या सरकारी राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला गेला.

राष्ट्राच्या भल्याची मोजणी, भावी पिढ्या, त्यावर जनतेचं मत असे जड शब्द असलेला विषय मी इथून सुरू करते आहे, त्याला कारण आहे. त्या आठ वर्षांत खाणीतून निघालेला सगळा कोळसा देशाच्या उत्पन्नात धरला गेला. डोंगरावर साठत गेलेला धोका त्या हिशेबात कुठेच नव्हता. आजही वेल्समध्ये असे अडीच हजारांहून जास्त बंद पडलेले ढीग आहेत. फेब्रुवारी २०२० च्या वादळी पावसात टायलर्सटाउनजवळ त्यांतला एक घसरला. नशिबानं त्यात कुणाचा जीव गेला नाही. खाणी बंद होऊन कित्येक वर्षं झाली, कमाई केव्हाच खर्चून संपली, पण ढिगांची राखण करायचं काम खाण कधी पाहिलीही नाही अशा मुलांच्या वाट्याला आलं आहे.

आपल्याकडे या सगळ्यासाठी एक नेमका शब्द आहे: योगक्षेम. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. जुन्या भाष्यकारांनी त्याची फोड करून ठेवली आहे. जे नाही ते मिळवणं म्हणजे योग, आणि जे मिळालं आहे ते राखणं म्हणजे क्षेम. जगातले जवळपास सगळे देश आपली प्रगती ज्या आकड्यानं सांगतात तो जीडीपी, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादन. एका वर्षात देशात किती वस्तू आणि सेवा तयार झाल्या, त्यांचं मोल किती, एवढंच तो सांगतो. म्हणजे तो योगाचा आकडा आहे. क्षेमाबद्दल त्याला काही सांगता येत नाही.

एखाद्या घराचं उदाहरण घ्या. या वर्षी पासबुकातली शिल्लक दुप्पट झाली. कशी? बांधावरची झाडं तोडून विकली, विहिरीचं पाणी टँकरवाल्याला दिलं आणि गळक्या छपराची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली. पासबुक खोटं बोलत नाही, पण घर कसं चाललंय हे त्यावरून कळत नाही. या घरातल्या नातवाला काय मिळणार आहे, हे तर मुळीच कळत नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची आधुनिक पद्धत ज्यांनी घडवली त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी संसदेपुढच्या अहवालात बजावलं होतं की या आकड्यावरून राष्ट्राच्या भल्याचा अंदाज बांधू नका. तरी पुढची कित्येक दशकं जगानं नेमकं तेच केलं.

कायदा आला, मग मोजपट्टी

वेल्स हा युनायटेड किंगडमचा एक भाग. लोकसंख्या जेमतेम ३१ लाख. त्यांच्या विधिमंडळानं २०१५ मध्ये एक कायदा केला. त्याचं नाव मराठीत आणायचं तर 'भावी पिढ्यांच्या क्षेमाचा कायदा' असं म्हणता येईल. 'कल्याण' हा शब्द मी मुद्दाम टाळते आहे, कारण तो ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर सरकारी योजना आणि लाभार्थ्यांच्या याद्या येतात. इथे अर्थ तो नाही. जुन्या पत्रात 'इकडील सर्व क्षेम आहे' असं लिहीत, त्यातलं क्षेम इथे अभिप्रेत आहे. तब्येत, घर, शेजार, पाणी, पोटापाण्याचा धंदा, मनाची उभारी, सगळं त्यात आलं.

या कायद्यानं सात उद्दिष्टं ठरवली. वेल्स समृद्ध असावा. निसर्गाचे आणि काळाचे धक्के सोसून उभा राहणारा असावा. निरोगी असावा. तिथली विषमता कमी व्हावी. समाज एकमेकांना धरून असावा. संस्कृती जिवंत आणि वेल्श भाषा बहरती असावी. आणि सातवं, जगाबद्दलची जबाबदारी ओळखणारा देश असावा. विधेयक मांडलं गेलं तेव्हा उद्दिष्टं सहाच होती. आपल्या देशात सगळं छान ठेवायचं आणि त्याची किंमत दुसऱ्या देशातल्या माणसांनी मोजायची, हे चालणार नाही, असा आग्रह वेल्समधल्या स्वयंसेवी संस्थांनी धरला. चर्चेच्या टप्प्यात सातवं उद्दिष्ट त्यातून जोडलं गेलं. बाहेरून आलेल्या मतानं मसुदा खरोखर बदलू शकतो, याचं हे मला ठाऊक असलेलं चांगलं उदाहरण आहे.

समृद्धीच्या व्याख्येत उत्पादन वाढवा, एवढंच सांगून कायदा थांबत नाही. पृथ्वीच्या मर्यादा ओळखणारा, कमी कार्बन सोडणारा आणि लोकांना चांगलं काम देणारा समाज, असं त्याचं वर्णन आहे.

आता अडचण इथून सुरू होते. उद्दिष्टं सुंदर आहेत, पण 'समाज एकमेकांना धरून आहे' हे कळणार कशावरून? म्हणून कायद्याच्या दहाव्या कलमात मंत्र्यांवर एक बंधन घातलं गेलं. या उद्दिष्टांकडे देश किती सरकला हे दाखवणारे राष्ट्रीय निर्देशक त्यांनी जाहीर करायचे, आणि ते ठरवण्याआधी लोकांचा सल्ला घ्यायचा.

आधी गप्पा, मग मसुदा

सरकार लोकांचं मत विचारतं म्हणजे काय, हे आपल्याला एका ठरलेल्या रूपात माहीत आहे. विकास आराखडा जाहीर होतो, वर्तमानपत्रात बारीक अक्षरात सूचना येते, 'हरकती व सूचना' अमुक तारखेपर्यंत लेखी कळवाव्यात. तोवर आराखडा तयार झालेला असतो. आपण फार तर म्हणू शकतो की हा रस्ता माझ्या घरावरून नेऊ नका. आराखडा कशासाठी, त्यात कशाला महत्त्व द्यायचं, हे ठरून गेलेलं असतं.

वेल्सनं क्रम थोडा वेगळा ठेवला. कायदा होण्याच्या आधीच, २०१४ मध्ये, देशभर गप्पांची एक मोहीम सुरू झाली. 'आपल्याला हवा असलेला वेल्स' असं तिचं नाव. प्रश्न साधा होता: तुमच्या मुलांसाठी, नातवंडांसाठी मागे कसा वेल्स ठेवून जायचा आहे? वर्ष २०५० डोळ्यांसमोर ठेवून बोला. सुमारे ७००० लोक यात सामील झाले. शंभराहून जास्त बैठका झाल्या. गावोगावी आपापल्या गटात ही चर्चा घडवून आणायला काही लोक पुढे आले. मार्च २०१५ मध्ये अहवाल आला. मुलांची अगदी पहिल्या वर्षांपासून चांगली सुरुवात व्हायला हवी, गावाला गावपण हवं, पृथ्वीच्या मर्यादेत राहायला हवं, पैसा स्थानिक धंद्यात फिरायला हवा, विषमता घटायला हवी, निर्णयात लोकांचा आवाज हवा, भाषा आणि वारसा जपायला हवा, अशा गोष्टी त्यात पुढे आल्या.

अशा गप्पांना ब्रिटनमध्ये आधीचा एक दाखलाही होता. २०१० च्या अखेरीपासून काही महिने तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 'तुमच्यासाठी काय महत्त्वाचं आहे?' अशी देशव्यापी विचारणा केली आणि ३४,००० प्रतिसाद आले. त्यानंतर तिथल्या मोठ्या सर्वेक्षणात चार प्रश्न कायमचे बसले. आयुष्याबद्दल किती समाधानी आहात? जे करता ते करण्याजोगं वाटतं का? काल किती आनंदात होतात? काल किती काळजीत होतात? उत्तर शून्य ते दहा. हे प्रश्न पोरकट वाटू शकतात. मला ते तसे वाटत नाहीत. 'काल' हा शब्द त्यात विचार करून घातला आहे. एकूण आनंदी आहात का असं विचारलं तर माणूस शोभेसं उत्तर देतो. कालचं विचारलं तर आठवून सांगतो.

मग २०१५ च्या हिवाळ्यात वेल्सच्या सरकारनं निर्देशकांचा मसुदा लोकांसमोर ठेवला. मथळाच प्रश्न होता: राष्ट्राची प्रगती कशी मोजायची? हे निर्देशक योग्य आहेत का, काय सुटलं आहे, काय काढावं, हे लोकांनी, संस्थांनी, नगरपालिकांनी, वैद्यकीय मंडळांनी कळवायचं होतं, इंग्रजीत किंवा वेल्शमध्ये. मार्च २०१६ मध्ये अंतिम यादी आली. त्यात ४६ निर्देशक होते.

यादीतला पहिला निर्देशक कोणता असेल? किती बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मली. मला हे फार समर्पक वाटतं. भावी पिढीचा हिशेब खरोखर तिच्या जन्मापासून सुरू केला आहे. आणि बाळाचं वजन ही फक्त वैद्यकीय गोष्ट नसते. आईला पोटभर मिळालं का, ती किती दगदगीत होती, घरात धूर होता का, सगळं त्या एका आकड्यात उतरतं.

तेराव्या क्रमांकावर माती आहे. मातीत कार्बन आणि सेंद्रिय द्रव्य किती आहे. अर्थमंत्र्यांच्या भाषणात कधी न येणारा हा आकडा राष्ट्रीय प्रगतीच्या यादीत, दर तासाच्या कामातून होणाऱ्या उत्पादनाच्या चार ओळी खाली, त्याच अक्षरात छापलेला आहे. ज्यानं कुणी शेत कसलं आहे त्याला माती राखणं म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एका पिढीत ती ओरबाडता येते, परत आणायला अनेक पिढ्या लागतात.

मोजपट्टी बदलली की चित्र बदलतं

निर्देशक निवडणं हे संख्याशास्त्रज्ञांचं काम आहे, त्यात सामान्य माणसाला काय विचारायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला हे पटत नाही. आकडा गोळा कसा करायचा हे तज्ज्ञांनी सांगावं. कुठला आकडा गोळा करायचा, हा मात्र मूल्यांचा प्रश्न आहे. तीन उदाहरणं देते.

पहिलं कचऱ्याचं. वेल्स पुनर्वापरात जगात अगदी पुढे आहे. नगरपालिकांच्या कचऱ्यातला जवळपास दोन तृतीयांश भाग तिथे पुन्हा वापरात जातो. मग ही टक्केवारीच निर्देशक म्हणून घ्यावी, असं कुणालाही वाटेल. पण समजा, पूर्वी घरातून १० किलो कचरा निघायचा आणि त्यातला ५ किलो पुनर्वापरात जायचा. आता २० किलो निघतो आणि १२ किलो जातो. टक्केवारी ५० वरून ६० वर गेली, शाबासकी मिळाली. पण जमिनीत पुरायचा किंवा जाळायचा कचरा ५ किलोवरून ८ किलो झाला. वेल्सच्या यादीत म्हणूनच मोजमाप वेगळं आहे: पुनर्वापरात न गेलेला कचरा, दर माणशी किती. हा आकडा फुगवून दाखवता येत नाही. पुढच्या पिढीच्या अंगणात नेमकं काय पडणार आहे, तेवढंच तो सांगतो.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर पोर्ट टॅल्बट नावाचं पोलादाचं शहर आहे. तिथला कारखाना टाटा स्टीलचा, म्हणजे मालकीची मुळं बॉम्बे हाउसमध्ये. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी बंद झाली. संपूर्ण ब्रिटनमध्ये कार्बन सोडणाऱ्या सर्वांत मोठ्या ठिकाणांपैकी ते एक होतं. जागी विजेवर चालणारी, भंगार वितळवणारी भट्टी उभी राहायची आहे. त्यात सुमारे २००० माणसांचं काम गेलं.

आता यादी उघडा. ४१ वा निर्देशक वेल्सच्या हद्दीत निघणारे हरितगृह वायू मोजतो. तो या एका घटनेनं झपकन खाली येणार. पण नवी भट्टी पेटेपर्यंत पोलादाच्या लाद्या बाहेरून आणायच्या, त्यांतल्या काही भारतातून. ते पोलाद आपल्या इथल्या भट्टीत, आपल्या हवेत धूर सोडून बनतं. ४२ वा निर्देशक हे पकडण्यासाठी आहे. वेल्समधले लोक जे वापरतात, ते जगात कुठेही बनलेलं असो, त्यापायी किती वायू सुटले हे तो मोजतो. पहिला आकडा एकटा असता तर त्यानं अर्धीच गोष्ट सांगितली असती. दोन्ही शेजारी असल्यामुळे सातव्या उद्दिष्टाला धार आली. आणि ज्या घरातला कमावता माणूस भट्टीवरून घरी बसला, त्याच्यासाठी १६ वा निर्देशक आहे: कायम स्वरूपाची आणि बऱ्या पगाराची नोकरी किती जणांकडे आहे. हवा सुधारली आणि त्याच वेळी १६ वा आकडा ढासळला, तर कुणालाही 'सर्व क्षेम' असं लिहिता येणार नाही. एकाच पानावर हे सगळं मांडलं की सोयीचा आकडा तेवढा उचलून धरणं अवघड होतं.

तिसरं उदाहरण भाषेचं. मराठी माणसाला हे लगेच कळेल, कारण 'मराठी येते' आणि 'मराठी बोलतो' यांतलं अंतर आपण घराघरात पाहतो. वेल्सच्या यादीत दोन निर्देशक आहेत. एक, किती जणांना वेल्श बोलता येतं. दुसरा, किती जण ती रोज बोलतात आणि दोन-चार शब्दांपलीकडे बोलू शकतात. पहिला आकडा शाळा वाढवू शकते. दुसरा वाढायला दुकानात, खेळाच्या मैदानावर, प्रेमात आणि भांडणात ती भाषा असावी लागते.

त्यातही एक गुंता आहे. २०११ च्या जनगणनेत ५,६२,००० लोकांना वेल्श येत होतं, म्हणजे १९ टक्के. २०२१ मध्ये ५,३८,०००, म्हणजे १७.८ टक्के. पण वर्षभर चालणारं दुसरं एक सर्वेक्षण साधारण त्याच काळात हा आकडा साडेआठ-नऊ लाखांच्या आसपास सांगत होतं. लोक तेच, प्रश्नही जवळपास तोच. पण जनगणनेचा फॉर्म घरातलं कुणीतरी सगळ्यांच्या वतीनं भरतं. सर्वेक्षणात माणूस समोरच्याशी किंवा फोनवर बोलतो. मुलाला शाळेत शिकून वेल्श 'येते' का, यावर आई-वडिलांचं आणि मुलाचं उत्तर वेगळं असू शकतं. २०५० पर्यंत दहा लाख वेल्श भाषक, असं सरकारचं ध्येय आहे. कुठली मोजणी धरायची, यावर ते ध्येय किती दूर आहे हे अवलंबून आहे.

न जन्मलेल्यांचं मत कोण देणार?

अशा सल्लामसलतीचं खरं दुखणं मला इथे दिसतं. वीस-पंचवीस पानांचं दस्तऐवज वाचून उत्तर कोण पाठवतं? बहुतेक वेळा ज्यांच्याकडे त्यासाठी नोकरदार माणूस आहे ते: नगरपालिका, विद्यापीठं, संघटना. रात्रपाळी करून आलेली परिचारिका पाठवत नाही. दरीतल्या गावातला एकटा राहणारा म्हातारा पाठवत नाही. आणि ज्यांच्या नावानं कायदा केला, ते तर अजून जन्मलेलेच नाहीत.

याला पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही. वेल्सनं काही बाजूंनी त्याला भिडायचा प्रयत्न केला आहे. एक म्हणजे सर्वेक्षण. जे लोक उत्तर पाठवायला येणार नाहीत, त्यांच्या दारात प्रश्न घेऊन जायचं. यादीतले बरेच निर्देशक अशा राष्ट्रीय सर्वेक्षणातून येतात: किती जणांना एकटं वाटतं, घरात आणि रस्त्यावर सुरक्षित वाटतं का, शेजारी एकमेकांना मान देतात का. दुसरं, आयुक्त. भावी पिढ्यांसाठी स्वतंत्र आयुक्ताचं पद या कायद्यानं तयार केलं. पहिल्या आयुक्त सोफी हाउ २०१६ मध्ये आल्या, २०२३ पासून डेरेक वॉकर आहेत. जो मतदार अजून नाही त्याच्या वतीनं बोलणारं कुणीतरी खोलीत असावं, एवढी साधी त्यामागची कल्पना. निर्देशक बदलायचे झाले तर त्यांचा सल्ला घेणं बंधनकारक आहे. तिसरं, दर निवडणुकीनंतर वर्षभरात 'पुढचे कल' सांगणारा अहवाल: लोकसंख्या, हवामान, तंत्रज्ञान कुठे चाललंय.

निर्देशक एकदा दगडावर कोरून ठेवले नाहीत, हेही बरं केलं. कोविडनंतर, २०२१ मध्ये, पुन्हा लोकांची मतं मागवली गेली. यादी ५० वर गेली. वाढलेले चार पाहिले की त्या दोन वर्षांत लोकांना काय टोचलं ते समजतं. उत्पन्नाचा ३० टक्के किंवा जास्त भाग घरावर खर्च होणारी कुटुंबं किती. इंटरनेटच्या जगात कोण आत आणि कोण बाहेर. चालत, सायकलनं किंवा सार्वजनिक वाहनानं होणारे प्रवास किती. न्यायव्यवस्थेवर विश्वास किती जणांचा. याच वेळी 'राष्ट्रीय टप्पे' ठरले, म्हणजे अमुक सालापर्यंत अमुक इतकं. २०५० पर्यंत स्त्री-पुरुष, अपंग आणि वांशिक गट यांच्या वेतनातली तफावत संपवणं हा त्यांतला एक.

निर्देशक आणि टप्पा यांत गल्लत करू नये. निर्देशक म्हणजे ताप मोजणारी नळी. ती कोणत्याही एका खात्याला गुण देत नाही, देशाची अवस्था सांगते. म्हणून तर दर वर्षी निघणारा 'वेल्सचं क्षेम' हा अहवाल सरकारच्या कामगिरीचं प्रगतिपुस्तक नसतो. आकड्यालाच ध्येय केलं की माणसं आकड्यामागे धावतात आणि मूळ गोष्ट मागे पडते, हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनाच्या संदर्भात दाखवलं होतं. नळी गरम पाण्यात बुडवून ताप दाखवता येतो, हे शाळा चुकवणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असतं.

याचा काही उपयोग झाला का?

न्यूपोर्ट शहराजवळ एम-४ महामार्गावर बोगद्यापाशी रोज वाहनं तुंबतात. वळणरस्ता म्हणून सुमारे २३ किलोमीटरचा नवा महामार्ग आखला होता, खर्च दीड अब्ज पौंडांच्या पुढे. तो ग्वेंट लेव्हल्स या जुन्या पाणथळ जमिनीतून जाणार होता. आयुक्त हाउ यांनी उघड विरोध केला. लांबलचक जनसुनावणीनंतर ती घेणाऱ्या निरीक्षकानं रस्त्याच्या बाजूनं कौल दिला. तरी जून २०१९ मध्ये वेल्स सरकारचे तेव्हाचे प्रमुख, प्रथम मंत्री मार्क ड्रेकफर्ड यांनी तो रद्द केला. खर्च परवडत नाही हे एक कारण होतं, आणि पर्यावरणाच्या हानीला आपण निरीक्षकापेक्षा जास्त वजन देतो असंही त्यांनी स्पष्ट केलं. कायदा नसता तर काय झालं असतं, हे सिद्ध करता येत नाही. पण 'वाहतुकीचा वेळ किती वाचेल' या एका आकड्यासमोर पाणथळ जमिनीलाही वजन मिळालं, हे खरं आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एका गावातली शाळा बंद करण्याविरुद्ध पालकांकडून या कायद्याचा आधार घेतला गेला, तेव्हा न्यायालयानं दाद दिली नाही. कायदा मुद्दाम मोघम आणि आकांक्षा सांगणारा आहे, त्यातून एकेका माणसाला हक्क मिळत नाही, असा सूर होता. आयुक्त सल्ला देऊ शकतात, चौकशी करू शकतात, शिफारस करू शकतात. निर्णय रोखू शकत नाहीत. मला हे कमी वाटतं. आपल्या गावातलं काहीतरी हातातून निसटत असताना लोकांनी कायदा उघडावा आणि त्यात आपल्यासाठी दार नसावं, याचं वाईट वाटतं. देशाच्या भल्यासाठी लोकांना विचारायचं, तर लोकांना त्यावर बोट ठेवून काही मागताही यायला हवं.

यादीतला २३ वा निर्देशक मी शेवटी ठेवला होता. 'आपल्या भागातल्या निर्णयांवर आपण प्रभाव टाकू शकतो' असं किती टक्के लोकांना वाटतं. म्हणजे मतं मागवून जी यादी बनली, तिच्यातच एक ओळ मतं मागवण्याचा उपयोग झाला का हे मोजते. हा आकडा वर जात नसेल तर बाकीच्या ४९ ओळी लोकांच्या आहेत असं म्हणणं कठीण आहे.

वेल्स सरकारच्या अशा मतं मागवणाऱ्या पत्रकांमध्ये सगळे प्रश्न संपल्यावर बहुतेक वेळा आणखी एक जागा असते. आम्ही ठरावीक प्रश्न विचारले. या विषयाशी संबंधित पण आम्ही न विचारलेलं काही असेल तर इथे लिहा. खाली मोकळी चौकट. ॲबरव्हॅनच्या त्या दोन आयांनी लिहिलेलं पाण्याबद्दलचं गाऱ्हाणं कुणी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मी जेव्हा जेव्हा असं पत्रक पाहते, तेव्हा आधी त्या चौकटीत किती जागा ठेवली आहे ते पाहते, आणि मग ती भरून आलेली पानं पुढे कुणाच्या टेबलावर गेली ते शोधते.